येळवडीचं पाणी

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की मी वाईबाहेर फारशी जात नाही. वाळवणं, राहिलेल्या उत्तरपत्रिका, संध्याकाळी घाटावर एक फेरी, एवढ्यात सुट्टी सरते. त्या वर्षी मात्र सुट्टीच्या चौथ्या दिवशी सकाळी सहाच्या सातारा गाडीत मी बसले होते आणि मांडीवर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बारा बाटल्यांचा लाकडी खोका होता. कंडक्टरनं आत फुटणारं काही आहे का विचारलं. मी म्हटलं, बाटल्या आहेत, नदीचं पाणी भरायला. तो हसून म्हणाला, वाईची कृष्णा सोडून दुसरीकडे पाणी भरायला जाणारी बाई आजच बघितली.

एका बाटलीत खरं तर वाईचंच पाणी होतं. निघण्याआधी गणपती घाटावर जाऊन मी ते भरलं होतं. मी मुलींच्या शाळेत एकोणीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आम्ही अकरावीच्या मुलींना दाखवतो. बाटली काठोकाठ भरायची, दोन द्रावणांचे थोडे थोडे थेंब तळाशी सोडायचे, बूच लावून हलवायचं. प्राणवायू असेल तर दालचिनीच्या रंगाचा साका (तळाशी बसणारा गाळ) तयार होतो. नसेल तर साका पांढराच राहतो. घाटावरच्या बाटलीत दालचिनी उतरली. कपडे धूत असलेल्या एका बाईंनी विचारलं, हे कशाचं औषध? मी म्हटलं, नदीची नाडी बघतेय. तेव्हा मला हे बोलणं फार छान वाटलं होतं.

हा खटाटोप सुमनच्या पत्रामुळे होता. सुमन आणि मी वाईत एका बाकावर शिकलो. ती नर्स झाली आणि गेली सहा वर्षं कराडच्या खाली, सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या येळवडी नावाच्या गावात आरोग्य उपकेंद्रात होती. तिची पत्रं नेहमी चार ओळींची. हे मात्र तीन पानी होतं. गावाजवळच्या साखर कारखान्यानं दारू गाळण्याचा विभाग सुरू केल्यापासून नदीत काळं पाणी येतं, मासे मेले, माणसं आजारी पडताहेत, एक बाई गेली, असं तिनं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "वरचे लोक म्हणतात, पुरावा आणा. तू रसायन शिकवतेस ना, मग येऊन बघ."

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना हमालानं खोका उलटा ठेवला आणि एक रिकामी बाटली फुटली. अकरा उरल्या. सुमनसाठी पावशेर कंदी पेढे घेतले आणि कराडच्या गाडीत खिडकीजवळ बसले. उंब्रजच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. दुष्काळाला फार दिवस झाले नव्हते. त्या दिवसांत याच रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या, त्यामुळे ती हिरवी गर्दी बघून बरं वाटलं. हे कबूल केलं पाहिजे.

कराडला उतरून संगमावर गेले. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात. उन्हाळ्यामुळे दोघींचं पाणी आटलेलं होतं, पण तळाची वाळू दिसत होती. दुसरी बाटली भरली. दालचिनी. घाटावर एक म्हातारे गृहस्थ पाय पाण्यात सोडून बसले होते. त्यांच्या पावलांभोवती बोटभर मासे चुटूचुटू तोंड लावत होते. स्टँडजवळच्या खानावळीत झुणका-भाकरी आणि कांदा खाल्ला, आणि दुपारच्या गाडीनं मलकापूर मागं टाकून पुढं निघाले.

येळवडी यायच्या दोन मैल आधी वास आला. गूळ करपला, तो तसाच ठेवला, त्यात अंडी कुजली, असा काहीसा. मी खिडकी बंद करू लागले. शेजारची बाई तिच्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगत होती. तिनं बोलणं न थांबवता पदर नाकाला लावला आणि पुढं सांगत राहिली. सगळ्या गाडीत बायकांचे पदर आणि पुरुषांचे टॉवेल तसेच वर गेले होते.

सुमन फाट्यावर उभी होती. वाळली होती. दोन खोल्यांचं उपकेंद्र, पुढच्या खोलीत औषधांचं कपाट, मागच्या खोलीत तिचा संसार. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं आणि सांगितलं की हे सरपंचांच्या मळ्यातल्या विहिरीचं आहे, मैलावरून आणते, इथं असेपर्यंत दुसरं कुठलंही पाणी पिऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बायका जमल्या. त्यांचे हात बघून मी दचकले. कोपरापर्यंत जांभळे. सुमन म्हणाली, ते जांभळं औषध तिनंच लावलेलं आहे, दुसरं तिच्याजवळ काही नाही. नदीवर धुणं धुतलं की हाताला खाज सुटते, खाजवलं की फोड येतात, फोड फुटले की चिघळतात. एका म्हातारीनं सांगितलं, "हात बरं हुत्यात, पर धुनं तर धुवाय पायजे की." मग पुन्हा तेच. लहान मुलांच्या पायांवर, गुरांच्या खुरांवरसुद्धा फोड होते.

मग आम्ही ओढा बघायला गेलो. कारखान्याच्या मागून निघून तो गावाच्या वरच्या अंगाला नदीला मिळतो. उसाचं गाळप एप्रिलमध्ये संपलं होतं, पण दारूचा विभाग सुरूच होता. मळीपासून (साखर काढून उरलेला काळा चिकट पाक) दारू गाळतात आणि गाळून राहिलेलं गरम पाणी ओढ्यात सोडतात. गावात त्यालाही मळीच म्हणतात. कोऱ्या चहासारखं, वर तपकिरी फेस. ओढ्याकाठची बाभूळ वाळून कोळसा झालेली. पावसाळ्यात हे पाणी वाहून जात असेल. उन्हाळ्यात नदी म्हणजे एकापाठोपाठ एक डोह, त्यामुळे ते येळवडीच्या डोहात येऊन थांबतं.

डोहाच्या मधलं पाणी भरायला होडी हवी होती. सुमननं महादू भोयाला बोलावलं. हा साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आणि लोकांना नदीपार नेणं. होडी म्हणजे काहील (गुळाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई). इकडं काहिलीत बसूनच नदी ओलांडतात. मी खोका घेऊन काहिलीत पाय टाकला, ती गर्रकन फिरली आणि मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. महादूनं खोका अलगद उचलून घेतला आणि म्हणाला, पाय पुसून घ्या, लगेच पुसा. मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी माझे दोन्ही घोटे लाल झाले आणि दुसऱ्या दिवशी सुमननं तेही जांभळे केले.

डोहाच्या मध्यावर काहील हळूहळू फिरत होती आणि महादू सांगत होता. होळीच्या आधी दोन दिवस सकाळी तो जाळं काढायला आला तर डोह पांढरा दिसला. सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. वामी, मरळ, कधी जाळ्यात न सापडणारे जुने मोठे मासे. काही अजून जिवंत होते आणि पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळत होते. तासाभरात गाव लोटलं. टोपल्या, पाट्या, धोतरं, जे हाती लागेल त्यात लोक मासे भरू लागले. जत्रेसारखं झालं. महादू काठानं सांगत फिरला, खाऊ नका, मासा आपल्या मरणानं मेलेला नाही. लोक म्हणाले, फुकट मिळतंय म्हणून भोयाच्या पोटात दुखतंय.

त्या दिवशी येळवडीत घरोघर मासे शिजले. महादूच्या घरी शिजले नाहीत. पण त्याची बायको तारा नेहमीप्रमाणे नदीच्या वाळूत झिरा (हातानं उकरलेला पाण्याचा खड्डा) उकरून त्यातलं पाणी घरी घेऊन आली. वाळूतून गाळून आलेलं पाणी दिसायला स्वच्छच होतं. तिसऱ्या दिवशी गावात पाच जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यात तारा होती.

पुढचं सुमननं सांगितलं, तेही काठावर परत आल्यावर, महादू जाळं वाळत घालायला लांब गेला तेव्हा. तिच्याकडे सलाईनच्या दोनच बाटल्या होत्या. तालुक्याहून आणखी यायला दुसरा दिवस उजाडणार होता. पाचांत दोन लहान मुलं होती. तारानं स्वतःच हातानं खूण केली आणि म्हणाली, "पोरास्नी लावा." सुमननं मुलांना लावल्या. मुलं वाचली. दुसऱ्या दिवशी सलाईन आलं तेव्हा तारा नव्हती. नंतर वरून डॉक्टर आले, त्यांनी गावकऱ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं, विहिरीत पावडर टाकली आणि कागदावर लिहिलं की गावात स्वच्छतेच्या सवयी नाहीत.

"जंतूही असतील," सुमन म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. पण मळी यायच्या आधी हे लोक काय वेगळे राहत होते?"

मी काठावर बसून डोहातल्या बाटलीत थेंब सोडले. महादू येऊन शेजारी उकिडवा बसला. मी वाईची बाटली दाखवली, कराडची दाखवली. मग डोहाची हलवली. वरचं पाणी तांबूस होतं, पण साका खाली बसला तो मळकट पांढरा. थोडा वेळ थांबले. पांढराच राहिला. दुसरी बाटली केली. तीही तशीच. मी महादूला सांगितलं की ह्या पाण्यात श्वास घ्यायला काही उरलेलं नाही.

"म्हंजी मासा गुदमरला," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

त्यानं बाटली माझ्या हातातून घेतली. मग त्यानं विचारलं, "आन तारा?"

ही परीक्षा तेवढं सांगत नाही. मी तसं म्हणाले आणि माझं मलाच ते शाळेतल्या उत्तरासारखं वाटलं.

पुरावा म्हणून बाटल्या नदीच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या सांगलीच्या सरकारी कचेरीत द्यायच्या तर पाणी कुठून, कधी भरलं याचा कागद हवा आणि त्यावर गावातल्या माणसांच्या सह्या हव्यात, असं मला वाटलं. म्हणून तिसऱ्या दिवशी सुमन मला सरपंचांकडे घेऊन गेली. सरपंच म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. गावात सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. ओसरीवर बसवून त्यांनी दूध दिलं. सहा-सात वर्षांची एक मुलगी त्यांच्या मांडीला टेकून उभी होती. सलाईन लावलेल्या दोन मुलांतली ही एक, सुभेदारांची नात.

त्यांनी कागद वाचला. बाटल्या उजेडात धरून बघितल्या. मी साका समजावून सांगितला, तो त्यांना एकदाच सांगून कळला. मग त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला.

"बाई, खोटं काय न्हाई ह्यात," ते म्हणाले. "पर ह्यो कारखाना कुना सायबानं न्हाई आनला. आमी आनला. मी पेन्शन घेऊन आलो तवा ह्या गावात रस्ता न्हवता, शाळा चौथीपतुर. आज बघा."

मी म्हटलं, कारखाना बंद करा असं कुणी म्हणत नाही, मळी नदीत सोडू नका एवढंच.

"त्ये बी बोलून बघितलं मीटिंगात. फुडल्या साली बघू म्हनाले. आता मी सही केली, आन माझ्या उसाला तोड आली न्हाई, तर काय करू? माझाच न्हवं, गावाचा ऊस हाय. तोडीची ऑर्डर त्येंच्या हातात. उभा ऊस वाळून चिपाड हुतो, बाई."

ते खाली बघत बोलत होते. नातीच्या केसांवरून हात फिरवत होते. मी उठले तेव्हा त्यांनी फाट्यापर्यंत बैलगाडी देऊ केली. मी नको म्हटलं. गावात आणखी सहा घरी गेलो. कुठं चहा मिळाला, कुठं ताक. सही कुठं मिळाली नाही. कागदावर शेवटी महादूचा अंगठा आणि सुमनची सही, एवढंच उमटलं. सुमननं सही करताना मला सांगितलं की ती सरकारी नोकर आहे, तिनं असं करायचं नसतं. आणि केली.

चौथ्या दिवशी आष्ट्यावरून सांगलीला गेले. स्टँडवरून कचेरी विचारत चालत निघाले. बाजारातून जाताना हळदीच्या पोत्यांचा वास घमघमत होता आणि इतक्या दिवसांनी मी खोल श्वास घेतला. पुलावरून खाली कृष्णा दिसत होती. तीच. येळवडीचं पाणी वाटेत सौम्य होऊन इथवर येत असणार. पुलाखाली माणसं आंघोळ करत होती.

कचेरीतले साहेब तरुण होते आणि सभ्य होते. बसा म्हणाले. बाटल्या बघून म्हणाले, बाई, तुमची परीक्षा बरोबर आहे, मीही हेच केलं असतं. पण आम्ही खाजगी नमुने धरू शकत नाही. नमुना आमच्या माणसानं, आमच्या बाटलीत, पंचांसमोर घेऊन मोहोर लावलेली असली पाहिजे. माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी लगेच डायरी काढली आणि म्हणाले की शुक्रवारी मी स्वतः येतो. तीन दिवसांनी.

मला खरं वाटेना. सुमननं वर्षभर अर्ज पाठवले होते. साहेबांनी लेखनिकाला बोलावून दोन पत्रं सांगितली, एक ग्रामपंचायतीला, एक कारखान्याला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तपासणी होईल, तरी संबंधितांनी हजर राहावं. कारखान्याला आधी कळवणं नियमात आहे, ते म्हणाले, नाहीतर नमुना घेतल्यावर हरकत निघते. लेखनिक म्हणाला, टपालानं पत्र शुक्रवारपर्यंत पोचायचं नाही. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, बाई, तुम्ही त्याच बाजूला चाललाय, हातोहात द्याल का? पोच (मिळाल्याची सही) तेवढी घ्या.

मी देते म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, पत्रं आनंदानं घेतली. दोन्ही पाकिटं पर्समध्ये ठेवली, वाटेत सुमनसाठी आणि घरी न्यायला भडंग बांधून घेतलं, आणि परतीच्या गाडीत दोनदा पर्स उघडून पाकिटांवरचा सरकारी शिक्का बघितला. ज्या माणसांनी आजवर कुणाचं ऐकलं नाही त्यांच्या टेबलावर हा कागद मी नेऊन ठेवणार, याचा मला अभिमान वाटत होता.

कारखान्याच्या फाट्यावर उतरले. दारावरच्या पहारेकऱ्यानं सलाम केला. आतल्या ऑफिसात पंखा होता, कुंड्या होत्या. एका अधिकाऱ्यानं पाकीट फोडून वाचलं, आणि घाईनं नव्हे, अगदी सावकाश, पोच लिहून दिली. बाई उन्हातून आल्यात, चहा घ्या म्हणाले. मी चहा घेतला. त्यांनी मी कुठली, काय शिकवते, कुणाकडे उतरले, सगळं आपुलकीनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं.

ग्रामपंचायतीत दुसरं पाकीट देऊन उपकेंद्रात पोचले तेव्हा सुमन भाकऱ्या थापत होती. मी कारखान्याची पोच दाखवली. तिचे हात परातीतच थांबले.

"तू दिलंस? तुझ्या हातानं?"

मी नियम सांगितला. साहेब चांगले आहेत, हे सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "जेवून घे." मला तोवर कळून चुकलं होतं, पण मी शुक्रवारची वाट बघू असं मनाशी म्हणत राहिले.

दुसऱ्याच दिवशी ओढ्याचा रंग फिका झाला. गुरुवारी कारखान्याच्या मागच्या पडीक रानात मळीसाठी खड्डे खणल्याचं गुराख्यांनी सांगितलं आणि ओढ्यात पंपानं विहिरीचं पाणी सोडलेलं आम्ही स्वतः पाहिलं. त्यानं काळं पाणी रेटत रेटत डोहाच्या खालच्या अंगाला नेलं. शुक्रवारी सकाळी ओढ्यातून झुळझुळ स्वच्छ पाणी वाहत होतं. बायका लवकर उठून धुणं घेऊन आल्या होत्या. असं पाणी पुन्हा कधी मिळेल ह्याचा भरवसा नव्हता. एक लहान मुलगी ओंजळीनं पाणी उडवत होती.

अकराला साहेबांची जीप आली. मागून कारखान्याची आली. सगळं गाव काठावर जमलं. सुभेदार इस्त्रीच्या कपड्यांत, डोक्याला फेटा, हात पाठीमागं बांधून उभे. साहेबांनी ओढ्याच्या तोंडाशी पाणी भरलं, माझ्यासमोर, नीट, काठोकाठ. थेंब सोडले. दालचिनी उतरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं, हे मला दिसलं. मी म्हटलं, साहेब, खड्डे बघायला चला. ते म्हणाले, आजच्या तपासणीत ओढा आणि डोह एवढंच नमूद आहे. त्यांचा आवाज खाली गेला होता. त्यांनी डोहाचं पाणीही घेतलं. तिथं साका तांबूस आला, फिकट, पण तांबूस.

मग त्यांनी गावाला विचारलं की कुणाला काही सांगायचं आहे का. कारखान्याचा अधिकारी छत्री धरून उभा होता. मी सुभेदारांकडे बघितलं. ते नदीपलीकडे बघत होते. तेवढ्यात मागून महादू पुढं आला.

"सायेब, ह्ये आजचं पानी हाय," तो म्हणाला. "माझी बायकू ज्येनं मेली त्ये ह्ये न्हवं."

साहेबांनी लेखनिकाला ते लिहून घ्यायला सांगितलं. लेखनिकानं विचारलं, काय लिहू? साहेब जरा थांबले आणि म्हणाले, लिहा, एका ग्रामस्थानं पूर्वीच्या पाण्याबद्दल तक्रार केली. महादूचा अंगठा घेतला. बाटल्यांना लाख लागली. पंच म्हणून सह्या हव्या होत्या, त्या ह्या वेळी लगेच मिळाल्या. पहिली सही सुभेदारांनी केली. दुपारचं जेवण कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यात होतं. मलाही बोलावणं होतं. मी गेले नाही, एवढंच काय ते मी त्या दिवशी केलं.

शनिवारी सकाळी निघाले तेव्हा वास परत आला होता. ओढ्याकडे बघायला मी गेले नाही. महादू खोका घ्यायला आला. मी नको म्हणत असताना त्यानं तो डोक्यावर घेतला आणि फाट्यापर्यंत चालत आला. वाटेत मी त्याला सांगितलं की कारखान्यात पत्र मीच नेऊन दिलं. त्याला ते आधीच माहीत होतं. पहारेकरी त्याचा भाचा होता. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि मला तेच सहन होईना. गाडी आली. त्यानं खोका आत माझ्या पायाशी ठेवला, खाली उतरला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, फुडल्या बारीला सांगून येऊ नगा."

मी मान हलवली.

वाईला पोचले तेव्हा घाटावर नेहमीची गर्दी होती. शेजारणींनी विचारलं, सांगली कशी वाटली? मी भडंग वाटलं. जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापिकाबाईंनी एक बाटली कमी का, हे विचारलं, आणि मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या की शाळेचं सामान शाळेबाहेर नेऊ नये, कुणीतरी संस्थेत विचारत होतं. दिवाळीच्या सुमारास सुमनचं पत्र आलं. चार ओळींचं. नमुने समाधानकारक निघाले. तिची बदली दूर, जतच्या पलीकडे झाली, तिकडं नदीच नाही. महादूनं काहील मोडीत काढली आणि तो मळीच्या खड्ड्यांवर पहाऱ्याला लागला. सुमनच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

मी अनेकांना ही हकीकत सांगितली. ऐकणारे कारखान्याला नावं ठेवतात, साहेबांना ठेवतात, सुभेदारांना ठेवतात. मला कुणी काही म्हणत नाही. तुम्ही सरळ मनानं दिलंत, तुम्हाला काय माहीत, असं म्हणतात. त्यांच्या त्या चांगुलपणात मी बरेच दिवस आरामात राहिले. आपण वाईकर नदीच्या वरच्या टोकाला राहतो, आणि इथं बसून कुणालाही नावं ठेवायला फार सोपं जातं.

सुट्टीत पुन्हा जाईन, न कळवता जाईन, असं मी त्या गाडीतच ठरवलं होतं. आता तिथं उतरायचं कुणाकडे, बाटल्या आणायच्या कुठून, असे प्रश्न काढत बसते, आणि त्या प्रश्नांची उत्तरं मला माहीत आहेत. त्यानंतर दोन मे महिने झाले. मी गेलेले नाही.